वाढ झाली, आता वाढा

एका जंगलात, बाळांनो, गादीवर दोघांनाच बसता यायचं. हत्तींना, नाहीतर गाढवांना.

तुम्ही विचाराल, मग वाघ कुठे गेला, कोल्हा कुठे गेला? तेही होते. पण त्यांनी आपापला हत्ती आणि आपापलं गाढव आधीच धरून ठेवलं होतं. त्यांना गादीची गरज नव्हती.

हे जंगल पार समुद्रापलीकडे, अमेरिकेत होतं. तिकडच्या रानात हत्ती नसतात, असं तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात दिलंय. पुस्तकाचं बरोबर आहे. पण ही गोष्ट आहे, आणि गोष्टीत हत्ती चालतो.

दर चार पावसाळ्यांनी सगळे प्राणी जमायचे आणि गादी कुणाला द्यायची ते ठरवायचे. कधी हत्तींचे पुढारी दंतोजीराव बसायचे, कधी गाढवांचे पुढारी कानोजीराव. जो बसायचा तो म्हणायचा, जंगल आता कुठे मार्गाला लागलं. जो उठायचा तो म्हणायचा, जंगल आता बुडालं. पुढारी जागा बदलायचे. वाक्यं मात्र जागच्या जागी राहायची.

पण जंगल मार्गाला लागलंय की बुडालंय, हे ओळखायचं कसं? त्यासाठी थोरलं झाड होतं.

जंगलाच्या मधोमध ते उभं होतं. फार पूर्वी जुन्याजाणत्या प्राण्यांनी विचार केला होता की अख्ख्या जंगलाचं पान न् पान कोण मोजत बसणार? थोरलं झाड वाढलं की समजावं, पाऊस बरा झाला, माती बरी आहे, खाली सगळ्यांचं बरं चाललंय. म्हणून त्यांनी एक मापारी नेमला. मापारी म्हणजे माप घेणारा. हा मापारी बगळा होता. दरवर्षी पावसाळा सरला की तो शेंड्यावर जाऊन बसायचा आणि तिथून एक वेल जमिनीपर्यंत सोडायचा. ती गेल्या वर्षीच्या वेलीला लावून बघायचा. जेवढी जास्त भरेल तेवढा तुकडा चोचीने तोडायचा आणि सभेत सगळ्यांना दिसेल असा वर धरायचा.

त्या तुकड्याला म्हणायचे वाढ.

वाढ कधी बोटभर असायची, कधी वीतभर. एके वर्षी हातभर झाली होती. त्या वर्षाची आठवण निघाली की म्हातारे प्राणी अजून डोळे पुसायचे, मग त्या वर्षी ते स्वतः उपाशी का असेनात.

विचार तसा वाईट नव्हता. पण पुढे गादीवर बसणाऱ्यांच्या लक्षात आलं की सगळं जंगल वाढवण्यापेक्षा एक झाड वाढवणं सोपं आहे. दंतोजीरावांनी ओढ्यात आडवा बांध घातला, पाट काढला आणि पाणी थेट थोरल्या झाडाच्या मुळाशी नेलं. गाढवांनी त्यावर फार आरडाओरडा केला. नंतर गाढवं गादीवर आली. तेव्हा कानोजीरावांनी तो पाट रुंद केला.

त्या ओढ्याच्या खालच्या अंगाला सगुणा सायाळ राहायची.

सायाळीच्या अंगावर काटे असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. सगुणाच्याही होते. पण स्वभाव असा की कुणी जवळून गेलं तर काटा लागू नये म्हणून तीच अंग चोरून घ्यायची. तिला तीन पिल्लं होती. धाकटीचं नाव चिमी. चिमी नुकतीच दूध सोडून कंद खायला शिकत होती.

त्यांचं घर म्हणजे दगडाखालचं एक बीळ, आणि बिळापुढे रताळ्यांचा एक तुकडा. रानात आपोआप उगवलेली रताळी ती. सगुणा माती भुसभुशीत ठेवायची, एक वेल उपटली तर दुसरी लावायची. ओढ्याचं पाणी जमिनीतून झिरपत त्या तुकड्याला मिळायचं. त्या तुकड्यावर चौघांचं पोट होतं. दुसरं काही नव्हतं.

पाट निघाला तेव्हा ओढा अर्धा झाला. पाट रुंद झाला तेव्हा ओढ्याचं डबकं झालं. आता झिरपायला पाणीच उरलं नाही. रताळी अंगठ्याएवढी निघू लागली. सगुणा मोठ्या दोघांना अर्धं अर्धं द्यायची, चिमीला एक द्यायची, आणि आपण साल चघळत बसायची.

डबक्याच्या काठाला तिचे दोन शेजारी होते. एक धोंडिबा नावाचं म्हातारं कासव. तो बापजाद्यांपासून हत्तींच्या बाजूचा. दुसरी बायजा बदकीण. ती जन्मापासून गाढवांच्या बाजूची. दोघं एकाच डबक्यात बसायचे, एकमेकांकडे पाठ करून.

पुढे हत्ती पुन्हा गादीवर आले तेव्हाची गोष्ट. धोंडिबाची पाठ डबक्यात बुडतही नव्हती. तरी सगुणा दिसली की तो म्हणायचा की काय पाणी आहे यंदा, थंडगार, पोहताना दम लागतो. बायजा म्हणायची की पाणी कसलं, चिखल आहे, जंगल मेलं.

मग एका सकाळी गादी गाढवांकडे गेली. डबकं होतं तेवढंच होतं. रात्रीत ना थेंब वाढला ना थेंब आटला. पण धोंडिबा डबक्यातून बाहेर येऊन बसला आणि सुस्कारा टाकून म्हणाला की चिखलात जन्म काढावा लागणार आता. आणि बायजा पंख फडफडवत त्याच चिखलात उतरली आणि म्हणाली की कसं मोकळं मोकळं वाटतंय, पाण्याला काय गोडी आलीय.

सगुणाने दोघांकडे पाहिलं, मग डबक्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आपल्यालाच काहीतरी कमी दिसतंय.

त्या वर्षी वाढीची सभा भरली तेव्हा ती गेली. पिल्लांना बिळात ठेवून गेली. आपलं गाऱ्हाणं साधं आहे, पाणी खाली सोडा एवढं सांगायचं, कुणीतरी ऐकेल, असं तिला वाटत होतं.

सभा थोरल्या झाडाखाली होती. बांध तिथून अगदी जवळ, दहा-वीस पावलांवर. पाटाचं पाणी खळखळत मुळाशी जात होतं. एका बाजूला हत्ती आणि हत्तींचे लोक. दुसऱ्या बाजूला गाढवं आणि गाढवांचे लोक. मध्ये मापारी एका पायावर उभा. त्याने चोच वर केली. चोचीत वेलीचा वीतभर तुकडा होता.

गाढवांनी जल्लोष केला. कानोजीराव गादीवरून म्हणाले की ही वाढ आमची. आम्ही बसलो आणि झाडाला उमेद आली. यावर दंतोजीराव खोकले आणि म्हणाले की झाड काही एका दिवसात वाढत नाही. आम्ही पाणी दिलं ते आत्ता शेंड्याला पोचलंय. शिवाय ही वाढ फांद्यांची आहे, मुळांची नाही. शिवाय सावली सगळी एकाच बाजूला पडते.

सगुणा दचकली. हे भाषण तिने आधी ऐकलं होतं. मागे हत्ती गादीवर असताना वारा खालच्या अंगाला वाहायचा आणि सभेतलं सगळं ऐकू यायचं. तेव्हा हेच सगळं कानोजीराव बोलले होते. फांद्या, मुळं, एका बाजूची सावली. खोकलासुद्धा त्याच जागी आला होता.

बराच वेळ असं चाललं. वाढ कुणाची, वाढ खरी की खोटी, वाढ आणखी हवी होती की एवढी पुरे. वेलीचा तो तुकडा या बाजूने त्या बाजूला ओढला जाऊन पिळवटून गेला. शेवटी मापाऱ्याने विचारलं की सामान्य प्राण्यांपैकी कुणाला काही बोलायचंय का? हे दरवर्षी विचारायची पद्धत होती. दरवर्षी कुणी बोलत नसे.

सगुणा पुढे आली. अंग चोरूनच आली.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "आमच्यात वाढ म्हणजे घासाची. पान मांडायचं, पिल्लं बसवायची, आणि वाढायचं. तुम्ही म्हणता वाढ झाली. चांगलं झालं. झाली ना? मग आता वाढा की."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

सगुणाला वाटलं, समजलं. समजलंच असणार. एवढं सोपं बोललोय आपण.

मग गाढवांच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "वाढा!" हत्तींच्या बाजूने त्याहून मोठ्याने आवाज आला, "वाढा!" क्षणात सगळं जंगल वाढा, वाढा म्हणत उभं राहिलं. कानोजीरावांना वाटलं, ही बाई आमच्या वाढीवर खूश आहे आणि आणखी मागतेय. दंतोजीरावांना वाटलं, हिला गाढवांची वाढ पुरत नाही, हत्तींचीच हवी. दोघांनी दोन बाजूंनी येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला. तुम्हाला ठाऊकच आहे, सायाळीच्या खांद्यावर हात ठेवता येत नाही. दोघांनी हात झटकले आणि हसून दाखवलं.

त्या दिवसापासून सगुणा मोठी झाली. म्हणजे वजनाने घटतच होती. पण नावाने मोठी झाली.

हत्ती तिला आपल्या सभेला न्यायचे. उंच दगडावर उभी करायचे. दंतोजीराव सोंड तिच्याकडे करून म्हणायचे, पाहा, गाढवांच्या राज्यात एका आईची काय दशा झाली. लोक हळहळायचे. दुसऱ्या दिवशी गाढवं न्यायची. कानोजीराव कान तिच्याकडे करून म्हणायचे, पाहा, हत्तींनी मागे करून ठेवलेल्या घाणीपायी एका आईची काय दशा झाली. लोक तितकेच हळहळायचे. हळहळणं झालं की सगळे थोरल्या झाडाकडे वळून वाढा, वाढा म्हणायचे आणि घरी जायचे.

दोन्हीकडे तिला विचारायचे की सगुणाबाई, सांगा, तुमचे हाल कुणी केले?

ती दोन्हीकडे खरं तेच सांगायची. पाटाने.

पण तेवढ्यात टाळ्या पडायच्या.

या सगळ्यात एक गोष्ट चांगली झाली होती. तिला गादीपर्यंत जाता येऊ लागलं होतं. एका दुपारी ती कानोजीरावांकडे गेली. रताळ्यांच्या वेली आता काळ्या पडल्या होत्या. चिमी जमीन उकरायची आणि नुसती माती चाटून बसायची. सगुणाने हे सगळं सांगितलं. मग म्हणाली, बांध थोडासा काढा. झाड मरणार नाही. ते पूर्वीही जगत होतं.

कानोजीराव वाईट नव्हते. त्यांचे डोळे खरोखर पाणावले. ते म्हणाले, "सगुणाताई, मला कळतं. पण बांध काढला आणि वाढ बोटभर कमी भरली, तर तो दंतोजी मला हसेल."

"हसू द्या की," सगुणा म्हणाली.

"तो हसला तर गादी जाईल. गादी गेली तर तुमच्यासारख्यांचं भलं कोण करणार?"

सगुणा घरी निघाली. वाटेत दंतोजीराव भेटले. त्यांनीही आस्थेने चौकशी केली. बांधाचा विषय निघाल्यावर म्हणाले की बांधाला हात लावू नका. उद्या आम्ही आलो तर वाढ दाखवायची कशातून?

एवढ्या वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेलं सगुणाने पहिल्यांदाच पाहिलं.

घरी आली तर मोठी दोघं झोपून होती. दिवसाढवळ्या. खेळायचं बळ नव्हतं. चिमी तिच्याकडे बघत होती, काही मागत नव्हती. बाळांनो, मूल मागायचं थांबलं की आईचं सगळं ऐकून घेणं संपतं.

पुढच्या सभेला सगुणा पुन्हा गेली. पण या खेपेला सभेत शिरली नाही.

त्या वर्षी मापाऱ्याने चोच वर केली तेव्हा आधी कुणाला काही दिसलंच नाही. नीट पाहिल्यावर दिसलं. वाढ बोटाच्या पेरभर होती. पाट रुंद करून करून झाडाला जेवढं पाणी पिता येत होतं, त्याहून जास्त आधीच जात होतं. पण हे कुणाच्या मनात आलं नाही. हत्ती उभे राहिले. गाढवं उभी राहिली. असा गदारोळ उठला की झाडावरचे पक्षी उडाले. सगळ्यांची तोंडं मधल्या पेरभर तुकड्याकडे होती.

म्हणजे सगळ्यांच्या पाठी बांधाकडे होत्या.

सगुणा बांधावर चढली. भरदुपार होती. लख्ख ऊन होतं. तिने पंजांनी माती उकरायला सुरुवात केली. सायाळीला उकरणं शिकवावं लागत नाही. पण बांध हत्तींनी घातलेला होता आणि गाढवांनी चोपून घट्ट केलेला. वरची माती निघाली, खालचा मोठा दगड हलेना.

तेवढ्यात मागून आवाज आला. "सगुणे, काय चाललंय?"

धोंडिबा होता. सभेला निघाला होता, आणि कासवच ते, अजून पोचत होता.

सगुणाने पंजे थांबवले. हा ओरडला तर संपलंच. खरं सांगून उपयोग नव्हता. पिल्लं उपाशी आहेत हे धोंडिबाला ठाऊक होतं. रोज बघत होता. बघण्याने पिल्लांचं पोट भरलं नव्हतं.

आणि मग तिला आठवलं की एवढे दिवस दगडावर उभी राहून आपण काय ऐकलंय.

ती म्हणाली, "धोंडिबाकाका, हा बांध फुटला तर पुढच्या वर्षी वाढ शून्य. गादीवर कोण आहे?"

धोंडिबाची मान कवचातून इतकी बाहेर कधी आली नव्हती. "कानोजी," तो म्हणाला. आणि पुढे काही न बोलता त्याने आपलं कवच दगडाला लावलं.

दोघांनी रेटलं. दगड थोडा डळमळला. तोच बायजा आली. ती सभेत ओरडून ओरडून घसा सुकला म्हणून पाण्यावर आली होती. तिने पाहिलं आणि चोच उघडली.

"बायजा," सगुणा घाईने म्हणाली, "हा बांध मुळात कुणी घातला?"

"हत्तींनी," बायजा म्हणाली. "अजून कोण घालणार असली घाण?"

"मग राहू द्यायचा?"

बायजाने चोच मिटली. धोंडिबाकडे एक तुच्छ नजर टाकली, त्याने तिच्याकडे टाकली. मग ती खालून चिखल ओढू लागली.

अशी गंमत झाली. एकाच दगडाला तिघं लागली होती. एकजण गाढवांची गादी उलथत होता. दुसरी हत्तींचा बांध उलथत होती. तिसरीला दगड उलथायचा होता.

दगड निघाला. पाणी क्षणभर घुटमळलं, मग जुन्या वाटेने घसरत खाली निघालं. फार आवाज झाला नाही. झाला असता तरी सभेत तो कुणाला ऐकू आला नसता.

आता तुम्हाला वाटेल, झाडाखालची मुळं सुकली, पाट कोरडा पडला, तेव्हा तरी कुणी मागे वळून पाहिलं असेल. नाही बाळांनो. पुढच्या वर्षी वाढ शून्य भरली. मापाऱ्याने रिकामी चोच वर धरली. दंतोजीराव म्हणाले, हे गाढवांचं पाप. कानोजीराव म्हणाले, हत्तींनी लावलेली कीड आता मुळाला पोचली. गादी पालटली. मग दंतोजीराव कीड म्हणू लागले आणि कानोजीराव पाप म्हणू लागले. शून्यावर जितकी भाषणं झाली तितकी हातभर वाढीवरसुद्धा झाली नव्हती. एक समिती नेमली. तिच्यात अर्धे हत्ती, अर्धी गाढवं. ती कोरड्या पाटात सावली बघून बसली आणि शून्य कुठून आलं याचा शोध घेऊ लागली.

खालच्या अंगाला मात्र ओढा वाहू लागला. धोंडिबाची पाठ बुडाली. बायजाला खरोखर पोहता आलं. रताळ्यांच्या मुळांत अजून जीव होता. आधी एक लालसर कोंब आला, मग दहा. पावसाळा सरता सरता सगळा तुकडा हिरवा झाला. सगुणाने पहिलं मोठं रताळं खणून काढलं. ते चिमीच्या डोक्याएवढं होतं. ते तिने चौघांत वाढलं, आणि पहिल्यांदा स्वतःलाही वाढून घेतलं.

पण हिरवा रंग लपत नाही. एके दिवशी मापारी खाली उतरला.

तो बिचारा कंटाळला होता. शून्य मोजून मोजून चोच दुखत होती. दोन्ही पक्ष त्याच्यावर ओरडत होते की काहीतरी वाढलेलं शोधून आण. वरून उडताना त्याला हा हिरवा तुकडा दिसला. त्याच्याजवळ वेल होतीच.

सगुणाने त्याला येताना पाहिलं. पुढचं सगळं तिला डोळ्यांपुढे दिसलं. मापारी मोजणार. तुकडा सभेत वर धरणार. मग ही रताळी हत्तींची की गाढवांची, यावर भाषणं होणार. मग ती आणखी वाढावीत म्हणून कुणीतरी पाट काढणार. कुठल्यातरी दुसऱ्या सायाळीच्या अंगणातून.

आणि नेमके धोंडिबा आणि बायजा तिथेच होते. सगुणाने रताळी भाजली होती, वासाने दोघं आले होते. मापाऱ्याला पाहताच दोघांचे डोळे चमकले. धोंडिबाने मान लांब केली. आता तो सांगणार होता की ही सगळी दंतोजीरावांची कृपा. बायजाने पंख आवरले. ती सांगणार होती की हे बी कानोजीरावांनी पेरलं होतं.

सगुणा कधी खोटं बोलली नव्हती. खोटं बोलू नये, असं ती पिल्लांना रोज सांगायची. पिल्लं समोर बसली होती.

मापाऱ्याने विचारलं, "काय सगुणाबाई, इकडे वाढ झालेली दिसतेय?"

धोंडिबाने तोंड उघडलं. सगुणाने पानावरचं भाजलेलं रताळं उचललं आणि त्याच्या तोंडात कोंबलं. बायजाने चोच उघडली. दुसरं रताळं तिच्या चोचीत गेलं. गरम होतं. दोघांना थुंकवेना, गिळवेना, बोलवेना.

"वाढ कसली, मापारीबुवा," सगुणा म्हणाली. "गवत आहे ते. लांबून हिरवं दिसतं इतकंच. विचारा या दोघांना. एक हत्तींचा, एक गाढवांची. यांचं कधी एकमत व्हायचं नाही. पण याबाबतीत विचारून बघा."

मापाऱ्याने धोंडिबाकडे पाहिलं. धोंडिबाच्या तोंडात रताळं विरघळत होतं. गोड होतं. त्याने डोळे मिटून मान डोलवली. मापाऱ्याने बायजाकडे पाहिलं. तिनेही मान डोलवली.

मापारी थक्क झाला. हत्तीवाला आणि गाढववाली एकाच गोष्टीला हो म्हणताहेत, हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणजे इथे वाढ नाहीच, याहून पक्का पुरावा कोणता? त्याने वेल गुंडाळली आणि थोरल्या झाडाकडे उडून गेला.

चिमीने विचारलं, "आई, तू खोटं बोललीस?"

सगुणाने तिच्यासमोर एक पान ठेवलं. रताळं फोडून त्यावर ठेवलं आणि फुंकर घालून म्हणाली, "तू आधी जेव."

तात्पर्य : सदा खरे बोलावे. फक्त कुणी आपली भरभराट मोजायला दारात आला, तर आधी शेजाऱ्यांच्या तोंडात गरम रताळं घालावं आणि मग बोलावं. ज्याचं तोंड भरलेलं असतं, त्याला कुठलाच पक्ष आठवत नाही. म्हणूनच कुठलाही पक्ष सगळ्यांची तोंडं भरू देत नाही.